तेच झाड, तोच रुग्ण, पुन्हा पुन्हा

आकडेमोडीच्या या सदराकडे सातारा-सांगलीहून या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी निघाली. एकाच झाडाची, जनावराची किंवा माणसाची मोजणी काही दिवसांनी पुन्हा केलेली आहे, आणि या नोंदी सोडवायच्या कशा ते कळत नाही. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. पत्रं लांब होती, प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न (तासगाव): थॉमसन द्राक्षांच्या बागेत सहा ओळींवर शून्य-शून्य-पन्नासची (पालाश खताची) फवारणी केली, सहा ओळी तशाच सोडल्या. प्रत्येक ओळीत दोन झाडं धरली. फळछाटणीनंतर ९२, ९९, १०६, ११३, १२७ आणि १३४ व्या दिवशी ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) घेतला. मधली एक फेरी अवकाळी पावसाने हुकली. एकूण १४४ नोंदी. दोन गटांची टी-चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) केली तर पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०१ च्या खाली येते, पण मार्गदर्शक म्हणतात हे चालणार नाही. का?

उत्तर: मार्गदर्शकांचं बरोबर आहे. टी-चाचणीची समजूत अशी, की तुम्ही १४४ वेगवेगळ्या झाडांना विचारलंत. तुम्ही विचारलंत २४ झाडांना, सहा-सहा वेळा. जे झाड ९२ व्या दिवशी शेजारच्यापेक्षा गोड होतं ते ९९ व्या दिवशीही बहुधा गोडच असणार. त्या दुसऱ्या नोंदीत नवी माहिती थोडीच असते.

किती थोडी, ते मोजता येतं. दिवसागणिक वाढणारी साखर बाजूला काढल्यावर एका झाडाच्या कोणत्याही दोन नोंदींतला सहसंबंध समजा ०.६ आहे. झाडामागे नोंदी सहा. मग १ + (६ − १) × ०.६ = ४. गटांच्या सरासऱ्या ताडून पाहायच्या असतील तर १४४ ÷ ४ = ३६, म्हणजे १४४ नोंदींचं वजन ३६ सुट्या नोंदींइतकंच. स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता) चाराच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे दुप्पट धरायला हवी. त्यातच तुमच्या टी-चाचणीत उलट्या दिशेचीही एक चूक आहे: ९२ ते १३४ दिवसांत ब्रिक्स जो १२ वरून १८ कडे चढला, तो सगळा चढ 'एरर'च्या खात्यात जमा झाला. एक चूक फरकाचा पुरावा फुगवते, दुसरी दाबते. शेवटी हाती येणारी पी व्हॅल्यू कोणत्या बाजूला झुकली आहे हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही.

आता त्याहून मोठी गोष्ट. फवारणी झाडाला झाली की ओळीला? ब्लोअर ओळीतून जातो, तेव्हा ओळीतली दोन्ही झाडं एकाच फवाऱ्याखाली आली. उपचार ज्याला दिला तो नग. तुमचे नग १२ ओळी आहेत, २४ झाडं नव्हेत आणि १४४ नोंदी तर नव्हेतच. ओळी एकाआड एक घेतल्या असतील तर ब्लोअरचा फवारा शेजारच्या न फवारलेल्या ओळीवरही गेला असणार. पुढच्या हंगामात मध्ये एक राखण ओळ सोडा, तिची मोजणी करू नका.

करायचं असं. मिक्स्ड मॉडेल घ्या, म्हणजे एकाच ओळीतल्या आणि एकाच झाडाच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे धरणारं मॉडेल. डावीकडे ब्रिक्स. उजवीकडे फवारणी, दिवस, आणि फवारणी-गुणिले-दिवस. रँडम भागात ओळ, ओळीच्या आत झाड, आणि जमल्यास झाडागणिक वेगळा चढ. दिवसाच्या रकान्यात फेरी क्रमांक १ ते ६ लिहू नका, छाटणीनंतरचे खरे दिवस लिहा. फेरी क्रमांक लिहिलात तर चौथ्या आणि पाचव्या फेरीतले १४ दिवस ७ दिवसांइतकेच धरले जातील आणि तिथे साखर एकदम उडी मारल्यासारखी दिसेल. 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रणालीत लेमर हे मिक्स्ड मॉडेलचं फंक्शन नुसतं चालवलं तर पी व्हॅल्यू छापत नाही. लेमरटेस्ट पॅकेज लावा आणि नग इतके कमी असताना केनवर्ड-रॉजरची दुरुस्ती मागा. फवारणीपुढे डिग्रीज ऑफ फ्रीडम (हिशेबाला उरलेल्या सुट्या माहितीची संख्या) दहाच्या आसपास दिसायला हवेत. तिथे १३० दिसले तर ओळ मॉडेलमध्ये उतरलेली नाही.

निकाल वाचताना एक जागा हमखास फसवते. गुणाकाराचं पद (इंटरॅक्शन) मॉडेलमध्ये असताना 'फवारणी'पुढचा आकडा म्हणजे शून्याव्या दिवशीचा फरक. तुमचा शून्यावा दिवस छाटणीचा. त्या दिवशी वेलीवर घड नाही, मणी नाही, साखर कुठली? तो आकडा 'नॉट सिग्निफिकंट' (पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर) आला म्हणून फवारणी निकामी ठरवू नका. दिवसातून ११० वजा करून नवा रकाना करा आणि तो वापरा. आता तोच आकडा ११० व्या दिवशीचा फरक सांगेल.

समजा ११० व्या दिवशी न फवारलेल्या ओळी १४.७ आणि फवारलेल्या १५.३ निघाल्या, आणि चढ दिवसाला अनुक्रमे ०.१४ आणि ०.१७ ब्रिक्स. १८ ब्रिक्सला माल काढायचा असेल तर एकीकडे (१८ − १४.७) ÷ ०.१४, म्हणजे साडेतेवीस दिवस लागतील, दुसरीकडे (१८ − १५.३) ÷ ०.१७, म्हणजे सोळा. बागायतदाराला 'इंटरॅक्शन सिग्निफिकंट' सांगून उपयोग नाही, 'माल साडेसात दिवस आधी निघतो' हे सांगा. मागे मोजून पाहिलं तर ९२ व्या दिवशी दोन्ही गट १२.२ च्या आसपासच होते, हेही या आकड्यांतून निघतं; फरक सुरुवातीचा नाही, नंतर पडला. मात्र हे सरळ रेषा धरून झालं. साखर शेवटी शेवटी मंदावते, तेव्हा दिवसाचा वर्ग घालून मॉडेल पुन्हा चालवा आणि शेवटच्या मोजणीपलीकडची तारीख सांगू नका.

आणि रिफ्रॅक्टोमीटर. यंत्र २० अंश तापमानाला जुळवलेलं असतं. तापमान आपोआप सुधारणारं नसेल तर ३० अंशाला ते सुमारे पाऊण ब्रिक्स कमी दाखवतं. फवारलेल्या ओळी सकाळी आठला आणि बाकीच्या दुपारी एकला मोजल्या असतील तर तो पाऊण ब्रिक्स फवारणीच्या नावावर जाईल. तुमचा फरकच ०.६ चा! मोजणीचा क्रम प्रत्येक फेरीत चिठ्ठ्या टाकून ठरवा, शून्य डिस्टिल्ड वॉटरने पाहा, आणि मणी घडाच्या वर, मध्ये आणि टोकाला ठरलेल्या संख्येनेच घ्या.

प्रश्न (विटा): वहीत प्रत्येक झाडाची एक ओळ आणि पुढे तारखांचे रकाने असा तक्ता आहे. तसाच एक्सेलमध्ये भरला. चालेल का?

उत्तर: भरायला चालेल, सोडवायला नाही. मिक्स्ड मॉडेलला उभा तक्ता लागतो, एका मोजणीला एक ओळ:

झाड ०७, ओळ ४, फवारणी होय, दिवस ९२, ब्रिक्स १२.४
झाड ०७, ओळ ४, फवारणी होय, दिवस ९९, ब्रिक्स १३.३

एक्सेलच्या पॉवर क्वेरीत 'अनपिव्हॉट' हे काम दोन मिनिटांत करतं. हुकलेली नोंद रिकामी ठेवा, शून्य भरू नका.

तारखांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ५/११ ही आपली ५ नोव्हेंबर एक्सेल ११ मे धरतं. १५/११ ला मात्र पंधरावा महिना नसल्यामुळे ते तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवतं. म्हणजे एकाच रकान्यात बाराच्या आतल्या तारखा उलटलेल्या आणि पुढच्या मजकूर झालेल्या, असा घोळ होतो, आणि एक्सेल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ओळखायची खूण: मजकूर कप्प्यात डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे. तारखेतून छाटणीची तारीख वजा करून दिवसांचा रकाना लगेच काढा. दिवस ऋण आले किंवा एखाद्या झाडाचे दिवस मागे-पुढे उड्या मारू लागले की चूक पकडली म्हणून समजा. सर्वांत बरं म्हणजे वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने वेगळे भरणं.

प्रश्न (मिरज, पदव्युत्तर विद्यार्थिनी): मधुमेहाच्या ४४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन आहारगट केले. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) सुरुवातीला, ३, ६ आणि १२ महिन्यांना. चारही वेळा ३१ जणच आले. एसपीएसएस या प्रणालीत रिपीटेड मेझर्स ॲनोव्हा (त्याच माणसांच्या पुन्हा घेतलेल्या नोंदींच्या सरासऱ्यांची तुलना) केला. मॉकलीची चाचणी सिग्निफिकंट आली. वरिष्ठ म्हणतात, न आलेल्यांची शेवटची नोंद पुढे ओढा. काय करू?

उत्तर: शेवटची नोंद पुढे ओढू नका. तिसऱ्या महिन्यात ८.४ वरून ७.१ ला आलेला रुग्ण नंतर आलाच नाही, आणि तुम्ही बाराव्या महिन्यालाही ७.१ लिहिलंत, तर नऊ महिने त्याची साखर हलली नाही असं तुम्ही स्वतः ठरवलंत. शिवाय कधी मोजलेच नाहीत असे आकडे खऱ्या नोंदींच्या पंगतीला बसतात आणि स्टँडर्ड एरर खोटीच लहान होते.

ॲनोव्हाची अडचण दुहेरी आहे. पहिली, एसपीएसएसचा हा मार्ग एकही भेट चुकलेला रुग्ण अख्खा वगळतो. तुमचे १३ रुग्ण, त्यांच्या झालेल्या भेटींसकट, गेले. दुसरी म्हणजे मॉकली तपासते ती अट: कोणत्याही दोन भेटींतल्या फरकाचं विचरण (आकड्यांचा पसरटपणा) सारखं असावं. काळाच्या बाबतीत ही अट क्वचितच टिकते, कारण तीन महिन्यांत माणूस जितका बदलतो त्यापेक्षा बारा महिन्यांत जास्त बदलतो. ॲनोव्हाच द्यायचा असेल तर ग्रीनहाउस-गायसर एप्सिलॉन (ही अट किती मोडली ते सांगणारा आकडा) पाहा. चार भेटींना त्याची कमाल १ आणि किमान एक तृतीयांश. तो समजा ०.६२ आला तर भेटींचे डिग्रीज ऑफ फ्रीडम ३ चे १.८६ होतात आणि एररचे ८७ चे सुमारे ५४. पी व्हॅल्यू त्यावरून वाचायची. एप्सिलॉन ०.७५ च्या वर असला तर ह्यून-फेल्टची दुरुस्ती घेण्याचा प्रघात आहे. आणि मॉकली सिग्निफिकंट आली नाही म्हणून अट पाळली गेली असंही नाही. रुग्ण कमी असले की ही चाचणी आंधळी होते.

आमचा सल्ला: ॲनोव्हा सोडा. ॲनालाइझ, मिक्स्ड मॉडेल्स, लिनिअर असे जा. सब्जेक्ट्समध्ये रुग्ण क्रमांक, रिपीटेडमध्ये भेट. त्याच खिडकीत खाली कोव्हेरियन्सचा (भेटी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत त्याचा) प्रकार विचारतात आणि तिथे आधीपासून 'डायगोनल' निवडलेलं असतं. ते तसंच ठेवलंत तर एका रुग्णाच्या भेटींत काहीच सहसंबंध नाही असं धरलं जाईल, म्हणजे एवढा खटाटोप करून पुन्हा मूळ चुकीवरच. तिथे 'अनस्ट्रक्चर्ड' निवडा. चार भेटींना त्यात १० आकडे काढावे लागतात, ४४ रुग्णांत ते निघतात. सहा भेटींना २१ आणि बारा भेटींना ७८ लागतील. तेव्हा हा प्रकार परवडत नाही आणि साधी रचना घ्यावी लागते.

हे मॉडेल अपुऱ्या भेटींचे रुग्णही वापरतं. पण कोणत्या अटीवर, ते माहीत असू द्या. न येण्याचं कारण तुमच्याकडच्या नोंदीत दिसत असेल, जसं सहाव्या महिन्याला साखर उतरली आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून रुग्ण थांबला, तर मॉडेल ते सांभाळून घेतं. पण शेवटच्या भेटीनंतर साखर बिघडली आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, तर ते कोणत्याच मॉडेलला कळणार नाही. म्हणून त्या तेरा जणांना फोन करा आणि न येण्याचं कारण वेगळ्या रकान्यात लिहा. एका गटात नऊ आणि दुसऱ्यात चार गळाले असतील तर ते पहिल्याच तक्त्यात दाखवा.

सुरुवातीच्या नोंदीचं काय करायचं ते आधी ठरवा. गट चिठ्ठ्या टाकून केलेले आहेत, तेव्हा ती उजवीकडे कोव्हेरिएट (सोबतचा माहीत आकडा) म्हणून घालणं सोपं. मग डावीकडे ३, ६ आणि १२ महिन्यांच्याच नोंदी उरतात आणि कोव्हेरियन्सचे आकडेही १० चे ६ होतात. दोन्हीकडे घालू नका. तिसऱ्या महिन्याला म्हणून बोलावलेला रुग्ण १३१ व्या दिवशी उगवला असेल तर खरे दिवसही नोंदवा. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा गोषवारा असतो, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात. म्हणून महिन्या-महिन्याला तपासून नोंदी वाढवण्यात अर्थ नव्हताच. तुम्ही घेतलेलं अंतर योग्य आहे.

एक वाक्य प्रबंधात लिहू नका: 'अ गटात सुधारणा सिग्निफिकंट (०.०३), ब गटात नाही (०.०८), म्हणून अ आहार चांगला.' ०.०३ आणि ०.०८ यांच्यातला फरक स्वतः काहीच नसू शकतो. दोन गटांतला फरक थेट तपासायचा, म्हणजे गट-गुणिले-भेट. चार भेटींना चार सुट्या टी-चाचण्याही नकोत. चार स्वतंत्र चाचण्यांत काही नसताना एखादी तरी 'लागण्याची' शक्यता १ − ०.९५⁴, म्हणजे साडेअठरा टक्के. तुमच्या चार भेटी एकमेकींशी जोडलेल्या आहेत म्हणून ती थोडी कमी भरेल, पण पाच टक्के नक्की नाही.

प्रश्न (सातारा, क्रीडाशिक्षक): २२ धावपटूंची रोज सकाळी उठल्याबरोबरची नाडी ३० दिवस घेतली, रविवारी खाडा. 'आर'मध्ये धावपटूगणिक वेगळा चढ घातला तर 'सिंग्युलर फिट' येतं. तो काढला तर चालतं, पण रेसिड्युअल (खरी नोंद वजा मॉडेलचा अंदाज) एकामागून एक एकाच बाजूला दिसतात.

उत्तर: सिंग्युलर फिट म्हणजे मॉडेलने मागितलेलं वैविध्य नोंदींत नाही, महिनाभरात धावपटूंचे चढ एकमेकांपासून फारसे वेगळे नाहीत. तो भाग काढलात ते ठीक. आधी दिवसाचं एकक आठवडा करून आणि मधला दिवस शून्य धरून एकदा पाहायला हवं होतं. पुष्कळदा तेवढ्यानेच गाडी रुळावर येते.

रेसिड्युअल एका बाजूला रेंगाळतात कारण आज जागरणाने चढलेली नाडी उद्याही थोडी चढलेलीच राहते. लागोपाठच्या दोन दिवसांत सहसंबंध ०.५ असेल तर दोन दिवसांच्या अंतरावर ०.२५, तीन दिवसांवर ०.१२५, असा तो विरत जातो. याला पहिल्या दर्जाची ऑटोरिग्रेसिव्ह रचना म्हणतात. लेमरमध्ये ही सोय नाही. एनएलएमई पॅकेजातलं एलएमई वापरा, त्यात कॉरएआरवन. त्याच्या फॉर्ममध्ये दिवसाचा पूर्णांक रकाना आणि धावपटू दोन्ही द्या. दिवस दिला नाहीत तर ते ओळींचाच क्रम धरतं, मग शनिवार-सोमवार शेजारी बसतात आणि रविवारचा खाडा हिशेबातून गायब. अंतरं पूर्णांकात बसत नसतील तर कॉरसीएआरवन.

या विषयाचं सातारा जिल्ह्याशी जुनं नातं आहे. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी नेमकं हेच सहसंबंधाचं सूत्र आहाराला लावलं होतं: एकाच माणसाच्या शरीराचा रोजचा ऊर्जेचा ताळेबंद सुटा नसतो, आदल्या दिवसाला जोडलेला असतो, म्हणून एका दिवसाच्या जेवणावरून कुपोषित ठरवू नये. त्यांच्या निष्कर्षांवर पोषणतज्ज्ञांत कडाक्याचे वाद झाले. पण एकाच माणसाच्या रोजच्या नोंदी सुट्या धरू नयेत हा त्यातला मुद्दा तुमच्या नाडीलाही लागू आहे.

नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणत असाल तर वहीत ५२, ५६, ६० असेच आकडे असतील, मधले नाहीत. दोन ठोक्यांचा फरक शोधायला ही फूटपट्टी जाड आहे. पूर्ण मिनिट मोजा. रविवारी लांब पल्ल्याची धाव असेल तर सोमवार वेगळा रकाना करून मॉडेलमध्ये घाला.

प्रश्न (कराड): को ८६०३२ उसाच्या आडसाली (जुलैतल्या) आणि 'सुरू' (जानेवारीतल्या) लागणीची उंची दर महिन्याला घेतली. १८० व्या दिवशीची उंची ताडून पाहिली तर बरोबर का? आणि महिना हा गट धरायचा की आकडा?

उत्तर: आधी कोणतं घड्याळ ते ठरवा. १५ जुलैच्या आडसालीचा १८० वा दिवस ११ जानेवारीला येतो. १५ जानेवारीच्या सुरूचा १४ जुलैला. एक ऊस थंडीत आखडलेला, दुसरा उन्हाळा खाऊन पावसात उभा. दिवस तेवढेच, ऊब वेगळी. त्यामुळे नुसत्या वयापेक्षा उष्णतेचे दिवस मोजणं बरं: रोजच्या कमाल-किमान तापमानाच्या सरासरीतून आधारतापमान वजा करायचं आणि बेरीज करत जायची. आधार १२ धरला तर ३० आणि १२ अंशांच्या दिवशी ९ जमा होतात, ३८ आणि २३ च्या दिवशी साडेअठरा, म्हणजे दुपटीहून जास्त. दोन्ही घड्याळांनी आलेख काढा. ज्यात दोन लागणींच्या रेषा जास्त जुळतात ते घड्याळ त्या काळाला लागू. पण दोन्ही लागणी एकेकाच प्लॉटवर असतील तर हंगामाचा फरक आणि जमिनीचा फरक वेगळा करता येणार नाही. तिथे मॉडेलही हात टेकतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजण्या किती यावर आहे. चारच असतील तर गट धरा. दहा असतील तर गट धरल्याने नऊ डिग्रीज ऑफ फ्रीडम जातात, आणि लागणीबरोबरच्या गुणाकारात आणखी नऊ. सरळ रेषेला एकच लागतो, पण ऊस सरळ रेषेत वाढत नाही: आधी सावकाश, मग जोमात, मग पुन्हा सावकाश. तीन डिग्रीजची स्प्लाइन (तुकड्यातुकड्याने वळणारी गुळगुळीत रेषा) हा मधला रस्ता. रेसिड्युअल दिवसांसमोर मांडून धनुष्यासारखा बाक दिसला की रेषा चुकली.

मोठी बांधणी झाली की सरीतली माती बुडाशी चढते, आणि जमिनीपासून मोजलेली उंची त्या महिन्यात वाढण्याऐवजी कमी भरते. तशा नोंदी असतील तर त्या 'आउटलायर' नव्हेत. लागणीच्या वेळीच बेटाशेजारी खुंटी ठोकून तिच्यावरच्या खुणेपासून मोजायला हवं होतं. आता बांधणीची तारीख आणि चढलेल्या मातीची जाडी माहीत असेल तर ती त्यानंतरच्या सगळ्या मोजण्यांत मिळवा.

प्रश्न (फलटण): बारा म्हशींना २१ दिवस हिरवी मका, पुढचे २१ दिवस मुरघास दिला. सरासरी दूध ८.२ लिटरवरून ७.९ वर आलं. मुरघासाने दूध घटलं का?

उत्तर: या मांडणीतून सांगता येत नाही. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत दूध शिगेला पोचतं आणि मग आपलं आपण उतरत जातं. सगळ्या म्हशींना मुरघास नंतरच मिळाला, तेव्हा उतार आणि मुरघास एकमेकांत मिसळले. सहा म्हशींना आधी मका मग मुरघास, सहांना उलट, असं पुन्हा करा. जोड्या व्यायल्याच्या दिवसांवरून लावा आणि जोडीतल्या कोणत्या म्हशीला आधी काय ते नाणं उडवून ठरवा. प्रत्येक टप्प्याचे पहिले १४ दिवस सोडून द्या, आधीच्या चाऱ्याचा असर त्यात असतो. शेवटच्या सात दिवसांची सरासरी घ्या. म्हणजे म्हशीमागे दोनच आकडे, आणि मॉडेलमध्ये म्हैस, टप्पा, चारा. सकाळ-संध्याकाळचं दूध बेरीज करूनच धरा. धारांमधलं अंतर ११ आणि १३ तासांचं असेल तर एकेकट्या धारेची तुलना फसवी.

प्रश्न (सांगली, शिक्षक): जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची आयर्विन पुलाजवळची कृष्णेची रोजची पातळी आणि कोयनेचा विसर्ग मुलांनी वर्तमानपत्रातून टिपला. सहसंबंध ०.७ आला, १२२ नोंदींना तो अतिशय सिग्निफिकंट. मुलांना हे शिकवू का?

उत्तर: आकडा शिकवा, 'सिग्निफिकंट' नको. इथे नदी एकच आहे. वरच्या प्रश्नांत पुष्कळ झाडं किंवा रुग्ण होते, तुमच्याकडे एकच लांब मालिका आहे. आज ३८ फूट असलेली पातळी उद्या २० वर येत नाही. दोन्ही मालिकांत आजचा-उद्याचा सहसंबंध समजा ०.९५ आहे. त्यांचा गुणाकार ०.९०२५. मग १२२ × (१ − ०.९०२५) ÷ (१ + ०.९०२५), म्हणजे जेमतेम ६. सहा नोंदींवर ०.७ हा सहसंबंध काहीच सिद्ध करत नाही.

मुलांकडून असं करून घ्या. पातळीऐवजी आजची वजा कालची असा रोजचा फरक काढा, विसर्गाचाही तसाच. मग विसर्गाचा फरक एक दिवस, दोन दिवस पुढे सरकवून सहसंबंध पाहा. पाणी सांगलीपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवसापेक्षा सरकवलेल्या दिवसाला तो जास्त येईल. सोबत पावसाचा रकाना हवाच, कारण धरणाच्या खालच्या भागात आणि वारणेच्या खोऱ्यात पडणारा पाऊस विसर्ग नसतानाही नदी चढवतो. वर्तमानपत्रातली पातळी सकाळी किती वाजताची ते रोज लिहून ठेवा. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, या दोन रेषा आलेखावर आधी आखून घ्या आणि नोंदी त्यावर पेन्सिलने टिंबाटिंबाने मांडायला लावा.